राष्ट्रीय उद्यानात बघण्यासारखं काय आहे?



मागच्या महिन्यात शिबिराला येताना आपल्या एका कार्यकर्त्यानं बसस्टँडवरून एक रंगीत पत्रक उचलून आणलं. गुळगुळीत कागद, वर वाघाचं तोंड. आत महाराष्ट्रातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांची माहिती. कुठल्या गेटानं शिरायचं, कुठं मुक्काम करायचा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘बघण्यासारखं’ काय काय आहे. रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. पहिल्या पानाला लोक हसत होते. मग हळूहळू गप्प झाले. त्या पत्रकात तलाव होते, किल्ले होते, लेणी होती, कुरणं होती, एका ठिकाणी तर देवाचं ठाणंही होतं. गाव मात्र एकही नव्हतं. मागं बसलेल्या एका मामांनी विचारलं, "का जी बाबू, तो तलाव का वाघानं खणला का?"

मामांचा प्रश्न बरोबर आहे. म्हणून या अंकात ते पत्रक आपणच पुन्हा लिहून काढतो आहोत. पाहुण्यांनी यावं, बघावं, आमची ना नाही. पण आपण काय बघतो आहोत ते त्यांना कळलं पाहिजे. आणि त्याच्याहून जास्त आपल्याला कळलं पाहिजे, कारण येत्या काही महिन्यांत कित्येक गावांत साहेब लोक सहीचा कागद घेऊन येणार आहेत.

ताडोब्यापासून सुरुवात करू. राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं, 116.55 चौरस किलोमीटर. पत्रकात लिहिलंय की इथं वाघ हमखास दिसतो, तलावात मगरी आहेत. बरोबर आहे. पण ताडोबा हे नाव कुणाचं? गोंडांचा तारू. गावचा मुखिया होता, वाघाशी झुंजताना मेला, अशी आपली म्हातारी माणसं सांगत आलीत. लोकांनी तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं मांडलं आणि त्याला देव केलं. दर वर्षी पौषात तिथं जत्रा. आता यातली गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपला मुखिया वाघानं मारला, तर आपल्या वाडवडिलांनी वाघाचा वंश खणून काढला नाही. विष घातलं नाही. मेलेल्या माणसाचा देव केला आणि वाघाला त्याच्या जंगलात राहू दिलं. पुढं साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या बंदुका आल्या, शेकड्यांनी वाघ पडले, मढ्यावर पाय ठेवून फोटो निघाले. ते फोटो अजून जुन्या बंगल्यांच्या भिंतीवर आहेत. त्यात बंदूक कुणाच्या हातात आहे ते बघा. हाकारा घालायला मात्र आपल्याच माणसांना जुंपलं होतं, बेगारीत.

ताडोब्याच्या वाटेवर दगडी खांब लागतात. गोंड राजाच्या वेळी त्यांवरून दोर आणि घंट्या बांधून निरोप पाठवायचे, असं गाईड सांगतात. पाहुणे खांबाचा फोटो काढतात. गोंड राजा त्यांना ठाऊक आहे, गोंड प्रजा ठाऊक नाही. बोटेझरी कुठं गेलं ते कुणी विचारत नाही.

नवेगाव, 1975, गोंदिया जिल्हा, 133.88 चौरस किलोमीटर. इथं तर मामांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. नवेगाव बांधाचा तलाव कोलू पाटील कोहळी यानं बांधला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. भोवतीच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी जात. भंडारा-गोंदियात हजारो तलाव-बोड्या आहेत त्या त्यांच्या आणि त्यांच्या हाताखाली माती वाहिलेल्या लोकांच्या. त्या तलावांवर धान पिकलं, ढिवरांनी मासे धरले, आणि थंडीत परदेशातून पाखरं येऊन उतरली. पत्रक म्हणतं, ‘पक्षिप्रेमींचं नंदनवन’. नंदनवन खरं. पण पाळ कुणाच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी चढली? इंद्रानं नाही चढवली.

पेंच, तेही 1975 चं, 257.26 चौरस किलोमीटर, 1999 पासून व्याघ्र प्रकल्प. पत्रकात तोतलाडोह धरणाचं निळं पाणी आणि ‘मोगलीचं जंगल’. ती गोष्ट पलीकडच्या सिवनीच्या डोंगरांत घडते, इंग्रज लेखकानं लिहिलेली. लांडग्यांनी वाढवलेलं पोर, पण पोर माणसाचंच ना? त्या पोराच्या नावानं तिकिटं खपतात, आणि तोतलाडोहाच्या काठावर खऱ्या माणसांच्या पोरांना मासे धरायला बंदी. मध्य प्रदेशच्या बाजूला हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता. 1997 मध्ये निकाल लागला. धरणानं उठवलेल्या 305 आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे परवाने मान्य झाले, पण अटी अशा की ठरलेल्याच वाटेनं यायचं आणि काठावर चूल पेटवायची नाही. आधी धरणात गाव बुडवलं. मग त्या बुडालेल्या गावावरच्या पाण्यात मासा धरायला फोटोचं ओळखपत्र. आमची एवढीच विनंती आहे की पेंचला जाणाऱ्या पाहुण्यानं त्या निळ्या पाण्याकडं बघताना खाली काय आहे तेही बघावं.

मेळघाट. पत्रकात गुगामल राष्ट्रीय उद्यान. मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प 1973-74 सालचा, देशात जे पहिले नऊ झाले त्यांतला एक. बघण्यासारखं म्हणून नरनाळ्याचा किल्ला, वैराटचा सूर्यास्त, आणि कुरणांत चरणारे रानगवे. कोरकूंचा उल्लेख आहे, तो ‘आदिवासी नृत्य’ या मथळ्याखाली, हॉटेलच्या सोयींच्या रकान्यात. म्हणजे स्वयंपाकघर, गरम पाणी, आदिवासी नृत्य.

वैराटला सूर्य मावळतो तिथं गाव होतं. बोरी, कोहा, कुंड ही गावं 2001 च्या सुमाराला खाली आणली, मग आणखी काही. ज्यांना यायचं होतं तेही त्यांत होते, हे कबूल करायला हवं. रस्ता नाही, दवाखाना नाही, पावसाळ्यात बाई अडली तर खाटेवर घालून न्यायची. कोण राहील खुशीनं? मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या 1993 पासून साऱ्या देशानं वाचल्या. पण रस्ता आणि दवाखाना का नव्हता? प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं, की प्रकल्पाची हद्द आहे. आधी माणसाला जगणं अवघड करायचं, आणि मग तो ‘स्वेच्छेनं’ उठला म्हणून लिहायचं. वनहक्क कायद्यात शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी, अंगणवाडी अशा तेरा सोयींसाठी एका जागी एक हेक्टरपर्यंत जंगलजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. हे कलम 3(2) आहे. आपल्या गावात कुणी ते वाचून दाखवलं का?

कोरकू आपल्या मेलेल्या माणसाच्या नावानं सागाचा कोरलेला मुंडा रोवतात, ठरलेल्या जागी, झाडाखाली. चंद्र-सूर्य कोरतात, घोड्यावर बसलेला माणूस कोरतात. सिडोलीचा विधी झाल्याशिवाय मेलेला माणूस पितरांत मिळत नाही. गाव ट्रकात भरून नेता येतं. मुंड्यांची जागा कशात भरून न्यायची? मोबदल्याच्या हिशेबात घराचे पत्रे धरतात, झाडं धरतात, विहीर धरतात. मुंडे कुठल्या रकान्यात?

इथं थोडं थांबून एक घडलेलं सांगतो. उद्यानाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर एका पोराची गाईडची रोजी जाईल.

माझ्या आत्याचं सासरचं गाव काही वर्षांपूर्वी उठलं. पैसे मिळाले, काही बँकेत, काही मोटारसायकलीत, काही दलालाच्या खिशात. मागच्या उन्हाळ्यात म्हातारीनं धरलं की एकदा देवाला नारळ फोडायचा आहे. परवानगीला अर्ज केला, उत्तर आलं नाही. शेवटी आम्ही पाच जणांनी वर्गणी काढली, जिप्सीचं भाडं, गेटाची फी, गाईडची फी, कॅमेरा नाही असं लिहून दिलं, आणि पर्यटक होऊन आत गेलो. दुसऱ्या दोन गाड्या शहरातल्या पाहुण्यांच्या होत्या. तासाभरानं एक मोठं कुरण लागलं. शंभरेक चितळं, गव्यांचा एक कळप. सगळ्या गाड्या थांबल्या. पुढच्या गाडीतला गाईड सांगत होता, "सर, ये नॅचरल ग्रासलँड है." आमच्या गाडीतला गाईड काही बोलला नाही. तो त्याच गावचा पोरगा.

आत्या उभी राहिली आणि बोट दाखवून मोजायला लागली. "ह्या आमच्या बांध्या. तो आंबा माह्या सासऱ्यानं लावला. मोह अकरा होते, दहा दिसून राहिले. तिथं आखर होतं, तिथं विहीर, बुजवली वाटते." चितळं चरत होती ती जागा तिच्या धानाच्या बांध्यांची होती. चार पिढ्यांनी दगड वेचून, झुडपं काढून जमीन मोकळी केली म्हणून तिथं आज गवत आहे. पाणी आहे ते बोडीचं. मोह-चिंच-आंबा आहे म्हणून अस्वल आणि माकड आहे. पाहुण्यांना हरीण दिसतं, हरणामागं वाघ दिसतो, ते सगळं म्हातारीच्या शेतात. मेळघाटात जा, ताडोब्यात जा, गावं उठली तिथंच जनावर सगळ्यात जास्त दिसतं, हे गाईडही सांगतात आणि फॉरेस्टवालेही कौतुकानं सांगतात. फक्त कौतुक स्वतःचं करतात.

देव एका मोहाखाली होता. वाटेपासून पन्नास पावलांवर. गाडीतून उतरायचं नाही असा नियम. आत्यानं गाडीतूनच हात जोडले. नारळ मांडीवर घेऊन परत आली.

आता बोरिवली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जवळपास 104 चौरस किलोमीटर, चारी बाजूंनी मुंबई-ठाणे. बघण्यासारखं: कान्हेरीची लेणी, शंभराहून जास्त, आणि बिबटे. कान्हेरीला जाल तर खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या बघा. भिक्षू शेकडो वर्षं त्या डोंगरात राहिले, पाणी साठवून प्यायले, आणि जंगल उभंच राहिलं. पुढं वारली, मल्हार कोळी, कोकणा पाड्यांतून राहिले, वाघोबाला मानलं, वाघबारस केली. बिबट्या त्यांच्या अंगणातून आजही जातो. 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशीचा तलाव मुंबईच्या पाण्यासाठी बांधला. शहराला जंगलातलं पाणी पाहिजे, सकाळी फिरायला जंगलातली वाट पाहिजे. 1997 मध्ये हायकोर्टानं अतिक्रमणं हटवायचा हुकूम दिला, तेव्हा बाहेरून आलेली झोपडी आणि उद्यानाच्या आधीपासूनचा पाडा एकाच यादीत घातले गेले. ज्यांच्या देवाचं नाव वाघोबा, ते वाघाच्या जागेत अतिक्रमण करणारे ठरले.

चांदोलीबद्दल थोडक्यात, कारण तिथले साथी स्वतः लिहिणार आहेत. 2004 चं उद्यान, 317.67 चौरस किलोमीटर, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वारणेच्या धरणानं एकदा उठवलं, अभयारण्यानं दुसऱ्यांदा. जमिनीसाठी लढा अजून चालूच आहे. प्रचितगडावर जाणाऱ्यांनी वाटेतल्या पडक्या जोत्यांवर बसून भाकरी खावी आणि ती जोती कुणाची ते कुणाला तरी विचारावं.

ही उद्यानाची रीत आपल्याकडची नाही. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान अमेरिकेत, यलोस्टोन, 1872 सालचं. तिथं शोशोनी आणि दुसरे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत, शिकार करत, गवत वाढावं म्हणून आग लावत. त्यांना बाहेर काढलं आणि पाहुण्यांना सांगितलं की इथं कधी कुणी राहतच नव्हतं. योसेमिटीच्या खोऱ्यात 1851 मध्ये तर हत्यारबंद पलटण घालून लोकांना हुसकलं. म्हणजे ‘माणूस नसलेलं जंगल’ सापडलेलं नाही, ते तयार केलेलं आहे. आपल्याकडं तोच नमुना कायद्यासह आणला.

आणि कायदा बघाच. वन्यजीव कायदा 1972 मध्ये, अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरायला परवानगी कशासाठी द्यायची ते कलम 28 मध्ये लिहिलंय. वन्यजीवांचा अभ्यास. फोटो काढणं. शास्त्रीय संशोधन. पर्यटन. आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामधंदा. बस. देवाला जाणं त्यात नाही. मुंड्याला जाणं नाही. म्हणून माझ्या आत्याला पर्यटक व्हावं लागलं. देवाला जाणारी म्हणून तिला कायद्यानं वाट दिली नाही, बघणारी म्हणून दिली.

2012 मध्ये एक गंमत झाली. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा ‘माणसाच्या वावरापासून मुक्त’ हवा असं 2006 च्या दुरुस्तीत लिहिलं होतं, आणि त्या शब्दाखाली आपल्याला उठवत होते. एकानं कोर्टात विचारलं, मग पर्यटक काय माणूस नाही? 24 जुलै 2012 ला सुप्रीम कोर्टानं गाभ्यातलं पर्यटन थांबवलं. काय आरडाओरड झाली! रिसॉर्टवाले, जिप्सीवाले, वाघाचे फोटो काढणारे, सगळे टीव्हीवर. आमच्या पोटावर पाय आला, म्हणाले. आम्ही जंगलात असतो म्हणून शिकारी येत नाहीत, म्हणाले. आमचे डोळे हेच वाघाचं राखण, म्हणाले. साथींनो, हे तर आपलं म्हणणं! शब्दाला शब्द! चाळीस वर्षं आपण हेच सांगत आलो, आणि आपल्याला ‘जंगलाचे शत्रू’ म्हणून केसेस लागल्या. त्यांचं मात्र ऐकलं गेलं. 16 ऑक्टोबरला बंदी उठली. गाभ्याच्या 20 टक्क्यांपर्यंत भागात पर्यटन चालेल अशी मार्गदर्शक तत्त्वं आली. मोजून 84 दिवस, त्यांतले बहुतेक पावसाळ्याचे, जेव्हा गेटं तशीही बंद असतात.

म्हणजे गाभ्यात माणूस चालतो. प्रश्न फक्त कुठला माणूस एवढाच उरला.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला वाघ नको आहे. शिबिरातही एका कॉलेजच्या पोरानं हे विचारलं आणि चांगलं केलं. आपल्यातल्या काहींनी पैशासाठी फासे लावलेत, रानडुकरासाठी विजेची तार सोडलीय, मारलेल्या गाईवर विष टाकलंय. हे झाकायचं कारण नाही. ज्या गावात हे होतं त्या गावानं ग्रामसभेत त्याचं नाव घेतलं पाहिजे, दुसऱ्यानं यायची वाट बघू नये. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचताना, तेंदू तोडताना आपली माणसं वाघानं मारलीत, त्या घरांतल्या रागाला आम्ही नावं ठेवणार नाही. पण राजस्थानात सरिस्का बघा. राष्ट्रीय दर्जाचं जंगल, गार्ड, गेट, सगळं होतं. 2005 मध्ये कळलं की वाघ एकही उरला नाही. मध्य प्रदेशात पन्ना, 2009, तेच. सरिस्कानंतर पंतप्रधानांनी नेमलेल्या टास्क फोर्सनं 2005 मध्ये अहवाल दिला, त्यातही हेच मान्य केलं की भोवतालच्या लोकांना विरोधात ठेवून वाघ वाचत नाही. उलट कर्नाटकात बिळिगिरीच्या डोंगरात सोलिगा आदिवासींचे सामूहिक हक्क 2011 मध्ये मान्य झाले, तेही व्याघ्र प्रकल्पाच्या आत. आपल्याकडं गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये 1809 हेक्टरचा हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. जंगल काही पळून गेलं नाही.

आणि वाघाच्या वाटेत खरं कोण आहे? ताडोब्याच्या वेशीला लोहाऱ्याला कोळशाची खाण काढायचा घाट घातला होता. चंद्रपूरच्या लोकांनी मोर्चे काढून, उपोषणाला बसून तो हाणून पाडला. मोह वेचणाऱ्या बाईनं जंगलाला जे नुकसान केलं ते एका खाणीच्या एका दिवसाशी तोलून बघा.

पर्यटनातून रोजगार येतो, हे म्हणणं अगदीच खोटं नाही. गाईड, चालक, स्वयंपाकी म्हणून आपली पोरं लागलीत. पण गेटाजवळच्या जमिनी कुणाच्या झाल्या ते बघा. ज्यानं शेत विकलं तोच आज त्याच शेतावरच्या रिसॉर्टच्या फाटकात टोपी घालून सलाम ठोकतो. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही. महसूल संहितेचं कलम 36-अ. कुणी ‘फक्त भाड्यानं, तीस वर्षांच्या कराराला’ म्हणून कागद पुढं केला, तर अंगठा देऊ नका, आधी कार्यालयात आणून दाखवा.

आता सहीच्या कागदाबद्दल, म्हणजे मूळ कामाबद्दल.

साहेब येतील तेव्हा सांगतील की गाव गाभ्यात आहे, उठावंच लागेल, प्रत्येक कुटुंबाला मोबदला मिळेल. ‘उठावंच लागेल’ हे खोटं आहे. वनहक्क कायद्याचं कलम 4 आणि वन्यजीव कायद्यातली 2006 ची दुरुस्ती, दोन्ही ठिकाणी अटी आहेत. आधी त्या भागातल्या सगळ्या वनहक्क दाव्यांचा निकाल लागला पाहिजे. दावे पडून आहेत तोवर कुणाला हलवता येत नाही, हे 4(5) मध्ये वेगळं लिहिलंय. मग आपल्या राहण्यानं प्राण्यांचं भरून न येणारं नुकसान होतं हे त्यांना दाखवून द्यावं लागेल, आपण नाही. मग सोबत राहण्याचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही हेही त्यांनीच सांगायचं. मग ग्रामसभेची संमती, सगळं समजून, लेखी. आणि नव्या जागी जमीन आणि सोयी आधी तयार पाहिजेत, गाव उठल्यावर नव्हे. एकेकट्याला घरी गाठून घेतलेली सही म्हणजे ग्रामसभा नव्हे. सरपंचाच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजेही नव्हे.

ज्याला खरंच जायचं आहे त्याला अडवू नका. त्याचीही अडचण आहे. पण त्यानं स्वतःपुरतं बोलावं, गावाच्या नावानं नाही. आणि 18 वर्षांवरचं पोर वेगळं कुटुंब धरतात, ते त्याच्या यादीत आलं का ते आपण बघून द्यावं.

तर पाहुण्यांना बघण्यासारखं जे जे आहे, तेच आपला पुरावा आहे. वनहक्क नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात घराच्या खुणा, विहिरी, जुनी शेतं, मसणवट, देवाच्या जागा येतात. म्हाताऱ्या माणसानं सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा, फक्त तो माणूस स्वतः दावेदार नसावा. 2012 च्या सप्टेंबरात नियम सुधारले, आता सामूहिक हक्कांसाठी नमुना ब आणि जंगल राखण्याच्या हक्कासाठी नमुना क वेगळा आहे. आपल्या बऱ्याच गावांनी घरटी पट्ट्याचे दावे केले आणि ब-क तसेच ठेवले. ते आधी भरा. ज्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधी जमीन-मोबदला न देता उठवलं, त्यांच्यासाठी कलम 3(1)(ड) आहे की आणखी कुठलं, असा घोळ मराठी प्रतींत अक्षरांमुळं होतो. अर्जात ‘बेकायदा विस्थापितांचा मूळ जागी पुनर्वसनाचा हक्क’ असं शब्दांतच लिहा.

पौष जवळ आलाय. तारूच्या जत्रेला जाणाऱ्या गावांनी त्याच्या आधी ग्रामसभा घ्यावी. ठाण्याची जागा, जायची वाट, जत्रेचे दिवस असे सगळे नमुना ब मध्ये लिहावेत. मेळघाटच्या साथींनी मुंड्यांच्या जागांचा नकाशा काढावा, हातानं काढलेला चालतो. नवेगावकडच्या ढिवर भावांनी कुठल्या तलावात कोण मासे धरत आलं त्याची यादी करावी. त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं राहणं दाखवावं लागेल, त्याची तयारी वेगळी.

आत्याचं सांगणं आम्ही लिहून घेतलं. चार पानं झालं. झाडांची नावं तिनं एकेक करून सांगितली, आणि देव कुठल्या मोहाखाली तेही.

ठरावाची एक प्रत उपविभागीय समितीला, एक गावच्या रजिस्टरात, एक इकडं कार्यालयात. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. नमुना ब आणि क च्या कोऱ्या प्रती कार्यालयात ठेवल्या आहेत. सोमवारी कुणी नसतं, मंगळवारपासून या. या अंकाची स्टेन्सिल इथंच संपली, चांदोलीचं पत्र पुढच्या अंकात.